निळा गॅस, पिवळा गॅस आणि सासूबाईंची अंघोळ

नोव्हेंबरात आमच्या न्यू बर्गनमध्ये प्लंबर मिळत नाही. डॉक्टर मिळतो, पाद्री मिळतो, नशीब फारच वाईट असेल तर वकीलसुद्धा मिळतो. पण हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की तमाम प्लंबर, सुतार आणि वायरमन नारिंगी जाकिटं चढवून, बंदुका घेऊन जंगलात झाडावर जाऊन बसतात आणि गावाचे नळ देवाच्या भरवशावर गळत राहतात. कुणी तक्रार करत नाही. तक्रार करणारासुद्धा शेजारच्या झाडावर बसलेला असतो.

तर अशा या मुहूर्तावर हायस्कूलचे उपमुख्याध्यापक लोवेल ब्रेक्के यांनी घरात न्हाणीघर बांधायचं ठरवलं. माणसाला अवदसा आठवते ती काही पंचांग बघून आठवत नाही.

कारण होतं सासूबाई. म्हणजे तसं कारण होता एक फोन. लोवेलच्या बायकोचं नाव मारित. ती दर रविवारी चर्चमधून आल्यावर आईला फोन करायची. आल्माबाई वरच्या अंगाला, सरोवराकाठच्या गावात एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे संपावर, जीभ मात्र पूर्णवेळ कामावर. त्या रविवारचा फोन लोवेलने शेजारच्या खुर्चीत बसून ऐकला.

"आई, थंडी लवकर पडली ना यंदा?"

"पडायचीच. मिनेसोटा आहे."

"एकटीला बर्फ ओढायला जड जात असेल नाही?"

"केनेथ म्हणतो, त्याच्या ॲरिझोनात बर्फच नसतो." केनेथ म्हणजे मारितचा भाऊ.

"हो का."

"त्याच्याकडे न्हाणीघर खालच्या मजल्यावर आहे. तुमच्याकडे वर आहे, नाही का?"

"हो, वरच आहे."

"बरं. मग येते पुढच्या शनिवारी, भेटून जाते."

झालं. फोन ठेवला आणि मारित ढसाढसा रडायला लागली. परक्या माणसाला वाटेल, यात रडण्यासारखं काय झालं? पण आमच्याकडे याच्या वर आवाज चढत नाही. हे आमचं कडाक्याचं भांडण. "आई, आमच्याकडे राहायला येतेस का?" असं कुणी तोंडावर विचारत नाही. विचारलं आणि समोरच्याला नाही म्हणावं लागलं तर केवढी पंचाईत! म्हणून सगळे हवामानाबद्दल बोलतात आणि ज्याचं त्याने समजून घ्यायचं असतं.

"ती केनेथकडे चालली," मारित डोळे पुसत म्हणाली. "ऐकलंस ना? भेटून जाते म्हणाली. तिला जिना चढवत नाही आणि आपलं न्हाणीघर वर. तिकडे गेली की वर्षातून एकदा भेटेल, लोवेल. बाबा गेले तेव्हापासून मला ती इथे हवी आहे. मला माझी आई हवी आहे."

मारित एवढं सरळ बोलली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. लोवेलला गलबलून आलं, आणि गलबललेल्या पुरुषाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"जिन्याखाली कोटांची खोली आहे ना? तिथे शॉवर बसवू. मी करतो."

"तू?"

या एका अक्षरात मारितने तीस वर्षांचा संसार भरला होता. उपमुख्याध्यापकांच्या ते मनाला लागलं. "का? तळघरातून पाण्याची नळी जातेच. तिला एक फाटा काढायचा, वर खोलीत न्यायचा. तांब्याची नळी, डाख लावायचा, संपलं. माझे वडील घरी डाख लावायचे."

वडिलांनी डाख लावायचा आणि लोवेलने लांबून बघायचं, एवढाच त्याचा अनुभव होता. पण ही माहिती त्याने स्वतःपाशीच ठेवली. हल्ली प्लास्टिकची नळी मिळते, आग नाही, धूर नाही, नुसती दाबून बसवायची, असं मारितने सुचवलं. लोवेलने तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिने सासूबाईंना कागदी ताटात जेवायला घालायला सांगितलं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो नगरपालिकेत परवानगी काढायला गेला. खिडकीपलीकडे लोर्नाबाई स्वेटर विणत होत्या.

"घरमालक स्वतःचं काम स्वतः करू शकतो," त्या म्हणाल्या. "फक्त निरीक्षकांनी बघितल्याशिवाय भिंत बंद करायची नाही."

"निरीक्षक कधी येतील?"

"हरीण मिळालं की."

"आणि नाही मिळालं तर?"

"मग जरा चिडलेले येतील." त्यांनी शिक्का मारला आणि लोवेलकडे चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही स्वतः करणार? अगबाई. वेगळं आहे."

आता हे 'वेगळं आहे' म्हणजे काय, ते आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. आमच्याकडे कुणी कुणाला मूर्ख म्हणत नाही. भाजी करपली, सून पळून गेली, पाद्रीबुवांनी केस निळे केले, तरी आम्ही 'वेगळं आहे' एवढंच म्हणतो. लोवेल परवानगी खिशात घालून बाहेर पडला तो कान लाल करून.

खरी गंमत पुढे झाली. डाख लावायला आग लागते, आग म्हणजे बर्नर, आणि बर्नर म्हणजे गॅसची बाटली. बाटल्या दोन रंगांच्या. निळीतला गॅस मवाळ, पिवळीतला जहाल. कुठली घ्यावी हे लोवेलने गॅरेजसमोर उभं राहून, जरा मोठ्याने स्वतःशीच विचारलं. ही त्याची आयुष्यातली मोठी चूक. आमच्याकडे गॅरेजचं दार उघडं दिसलं की शेजारी पाहुण्यासारखा येत नाही, हक्कानेच येतो.

डावीकडून व्हर्नदादा हौगन आले. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करता करता निवृत्त झालेले. "निळी," ते म्हणाले आणि कॉफीचा घोट घेतला. "उभा जन्म निळीवर काढला मी. अर्ध्या इंचाच्या नळीला पिवळी म्हणजे मुंगी मारायला बंदूक. आणि ती खटका दाबून पेटणारी थेरं घेऊ नकोस. ठिणगी पाडायचा साधा चिमटा घे. चिमटा कधी बिघडत नाही."

उजवीकडून कर्टिस मातिला आला. त्याच्याकडे जगातली प्रत्येक वस्तू नवी आणि दुप्पट मोठी असते. "निळी?" तो हसला. "लोवेल, अरे, निळीवर मार्शमेलो भाजायचे. नळीला आग कशी पाहिजे? झप्प! पिवळी घे, खटक्याचा बर्नर घे, एका बोटाचं काम. म्हातारी यायच्या आत उरकायचंय ना तुला?"

"उरकेल," व्हर्नदादा आकाशाकडे बघत म्हणाले. "घरासकट उरकेल."

"काही लोकांचं घड्याळ बंद पडलेलं असतं," कर्टिस बर्फाकडे बघत म्हणाला.

हे दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. कर्टिसच्या बर्फ उडवायच्या यंत्राने एकदा व्हर्नदादांच्या गुलाबांवर बर्फ उडवला होता. तेव्हापासून त्यांचा सगळा व्यवहार मध्ये उभ्या असलेल्या माणसामार्फत चालतो, आणि मध्ये कायम लोवेलच असतो. निळी घ्यावी तर कर्टिस दुखावणार, पिवळी घ्यावी तर व्हर्नदादा. दोघांचं मन राखायला लोवेलने दुकानातून दोन्ही रंगांच्या बाटल्या आणि दोन्ही जातींचे बर्नर आणले. निळी बाटली डावीकडच्या खिडकीत दिसेल अशी ठेवली, पिवळी उजवीकडच्या. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

मंगळवारी त्याने कोटांची खोली रिकामी केली आणि तळघरात मुख्य कॉक फिरवला. कॉक घराइतकाच जुना. बंद झाला, पण मनापासून झाला नाही. कापलेल्या नळीच्या तोंडातून पाणी ठिबकत राहिलं. लोवेलने तिकडे दुर्लक्ष केलं. शाळेत नाठाळ पोरांच्या बाबतीत त्याचं हेच धोरण असतं आणि तिथेही त्याचा उपयोग होत नाही.

पहिला मान पिवळीला मिळाला, कारण शनिवार जवळ येत होता. नळी घासली, सांध्याला डाख धरायचं मलम फासलं, खटका दाबला. झप्प! कर्टिस खोटं बोलला नव्हता. ज्योत एवढ्या आवेशानं बाहेर आली की लोवेलच एक पाऊल मागे सरला. पापणी लवायच्या आत मलम जळून काळं ठिक्कर पडलं आणि डाखाचा वितळलेला धातू सांध्यात शिरायचं सोडून थेट लोवेलच्या मोज्यावर उतरला. त्याने जो शब्द उच्चारला तो उच्चारल्याबद्दल गेल्याच आठवड्यात त्याने नववीतल्या एका मुलाला घरी पाठवलं होतं.

"काय झालं?" मारितने वरून विचारलं.

"काही नाही! छान चाललंय!"

बुधवारी निळीची पाळी. चिमट्याने ठिणगी पाडता पाडता अंगठ्याचं साल गेलं, पण ज्योत आली, निळी, समजूतदार. लोवेल तापवत बसला. नळी तापेना. नळीतलं ठिबकणारं पाणी सगळी उष्णता पिऊन टाकत होतं आणि वर फुसफुस वाफ सोडून त्याला वाकुल्या दाखवत होतं. हात भरून आला, मान आखडली, निम्मी बाटली संपली, डाख तारेच्या टोकाला जसाच्या तसा. शेवटी खिडकीतून बघत असलेल्या व्हर्नदादांना दया आली. ते तळघरात उतरले.

"पाणी आहे आत," ते म्हणाले. "ब्रेड कोंब."

"काय?"

"ब्रेड. पांढरा, मऊ, कडा काढून. गोळा करून नळीत कोंबायचा. पाणी तोच अडवतो. तेवढ्यात डाख लावायचा. नंतर कॉक सोडला की ब्रेड विरघळून वाहून जातो. पांढराच हं."

तोडगा जुना आणि खरा होता. गावातल्या निम्म्या घरांच्या नळांतून कधी ना कधी ब्रेड वाहून गेलेला आहे. अडचण एवढीच की लोवेलच्या घरात पांढरा ब्रेड नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या रक्तातल्या साखरेबद्दल भाषण दिल्यापासून मारितने पांढरा ब्रेड हद्दपार केला होता. घरात होता तो करड्या रंगाचा, अळशी, सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया ठासून भरलेला, चावताना दातांची परीक्षा घेणारा ब्रेड. व्हर्नदादांकडे दोन काप मागता आले असते. कर्टिसने तर अख्खा पाव फेकला असता. पण दोन्ही घरांतून सल्ला घेतल्यावर वर ब्रेडही मागायचा? उपमुख्याध्यापकाने? दारोदार? शक्य नव्हतं. ब्रेड तो ब्रेड, असं म्हणून लोवेलने बियांचा गोळा नळीत कोंबला आणि काठीने ठासला.

आणि काय सांगावं, जमलं! पाणी थांबलं, निळ्या ज्योतीवर नळी तापली, डाख सांध्यात असा गुपचूप शिरला की लोवेलला भरून आलं. त्याने मारितला खाली बोलावून सांधा दाखवला. तिने त्याच्या काजळलेल्या गालाचा मुका घेतला. गुरुवारी, शुक्रवारी एकेक सांधा बियांच्या कृपेने जुळत गेला. प्रत्येक सांध्याला एक काप. लोवेल शाळेत शीळ घालत फिरू लागला, इतका की शिपायाने बिनसलं का म्हणून विचारलं.

शनिवारी दुपारी शेवटचा सांधा राहिला. तो नेमका तळघराच्या छताशी, लाकडी तुळईला चिकटून. मारित वरून ओरडली, "आईचा फोन होता! पेट्रोल पंपावर आहे! पोचतेच!" ऐंशी ओलांडलेल्या आल्माबाई स्वतः गाडी चालवत येत होत्या, आणि त्यांच्या गाडीपुढे ट्रकसुद्धा बाजूला होतात. निळीने तापवत बसायला वेळ नव्हता. लोवेलने पिवळी उचलली. तुळईवर ओलं फडकं टाकायचं, हे त्याला माहीत होतं. फडकं आणायला वर जावं लागलं असतं, हेही माहीत होतं. तो वर गेला नाही.

झप्प.

सांधा जुळला. फार सुंदर जुळला. फक्त तुळईमागे उंदरांनी कैक पिढ्या जमवलेलं कापूस, कागद आणि वाळकं गवत होतं, त्यालाही ती ज्योत फार आवडली. धूर निघाला, मग ठणाणा धुराची घंटा वाजली, मग दुसरी, मग तिसरी. लोवेलने भरलेली बादली छताकडे फेकली. निम्मं पाणी आगीवर गेलं आणि निम्मं त्याच्यावर आलं. आग विझली, पण धुराने तोवर तळघर सोडून जिना धरला होता आणि कर्टिसने अग्निशमन दलाला फोन केला होता. तेही त्याने व्हर्नदादांना न सांगता केलं. म्हणून व्हर्नदादांनीही केला.

दोन बंब आले. हरणांच्या हंगामातही आमचं स्वयंसेवक अग्निशमन दल तयार असतं, कारण ज्यांना नेम धरता येत नाही ते सगळे त्यातच आहेत. सगळे लोवेलचे माजी विद्यार्थी. लोवेलने वीस वर्षं ज्यांच्याकडून आगीची कवायत करून घेतली, ती सगळी पिढी हेल्मेट घालून त्याच्या दारात उभी.

"सर," त्यांचा म्होरक्या नम्रपणे म्हणाला, "शांतपणे, न धावता, एका रांगेत बाहेर चला. वस्तू गोळा करायला थांबू नका."

"विझलीय ती!" लोवेल ओरडला.

"सर, रांगेत बोलायचं नाही."

एवढ्यात एक लांबलचक निळी मोटार दोन बंबांच्या मधून वाट काढत आली आणि अंगणातल्या बर्फात थांबली. आल्माबाईंनी काच खाली केली. त्यांनी धुराकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं, कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या व्हर्नदादा आणि कर्टिसकडे पाहिलं, आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत निथळणाऱ्या, काळ्याकुट्ट लोवेलकडे पाहिलं.

"काय जावईबापू," त्या म्हणाल्या. "एवढं स्वागत कशाला?"

बंब गेले. आल्माबाई आत आल्या, कोट अंगात तसाच ठेवून जिन्याखालच्या खोलीत काठी टेकत उभ्या राहिल्या. रात्री जागून बसवलेल्या फरश्या चकचकीत होत्या, धरायला दांडी होती, बसायला चौरंग होता. मारित ओठ चावत उभी होती.

"चालू करा बघू," आल्माबाई म्हणाल्या.

लोवेलने तळघरात जाऊन कॉक सोडला आणि वर येऊन नळ फिरवला. नळीने आधी खाकरा काढला. मग शॉवरच्या चाळणीतून एक थेंब पडला. मग दुसरा, करडा. मग काहीच नाही. चार दिवसांचा ब्रेड इमानेइतबारे विरघळून गेला होता, पण बिया काही विरघळत नाहीत. त्या सगळ्या चाळणीत येऊन गच्च बसल्या होत्या. लोवेलने घाबरून चाळणीला चापट मारली, तेव्हा सासूबाईंच्या कोटावर चिमूटभर अळशी पडली.

आल्माबाईंनी एक बी बोटावर घेऊन उजेडात धरली. "पौष्टिक आहे," त्या म्हणाल्या.

मारितचा बांध फुटला. "जा तू, आई! जा केनेथकडे! तिकडे सगळं चांगलं आहे, सगळं खालच्या मजल्यावर आहे. आमच्याकडे काय आहे? जळकं तळघर आहे. मी तुला कुठल्या तोंडाने राहा म्हणू?"

लोवेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला सासूबाईंच्या टोमण्याचं काही नव्हतं, अग्निशमनवाल्या पोरांच्या हसण्याचंही नव्हतं. मारितला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्याने स्वतःच्या हाताने, पिवळ्या गॅसवर, जाळून टाकली होती.

"रडू नकोस," आल्माबाई लेकीला म्हणाल्या. "जावईबापू, माझं सामान तेवढं आणा गाडीतून. एका खेपेत होणार नाही."

भेटून जाणाऱ्या बाईचं सामान एका खेपेत का होणार नाही, हा विचार लोवेलला गाडीची डिकी उघडेपर्यंत सुचला नाही. डिकीत गुडघ्यापर्यंतचे बर्फातले बूट होते. तीन गोधड्या होत्या. लोकरीचे कपडे भरलेल्या पेट्या होत्या. मागच्या सीटवर सासऱ्यांचा चौकटीतला फोटो पट्टा बांधून बसवला होता आणि त्याच्या शेजारी शिवणाचं यंत्र. लोवेल बर्फात उभा राहून त्या बुटांकडे बघत राहिला. ॲरिझोनात बर्फाचे बूट घालून बाई काय वाळूत चालणार होत्या?

तो शिवणयंत्र पोटाशी धरून धापा टाकत स्वयंपाकघरात आला. आल्माबाई अजून कोटातच खुर्चीवर बसल्या होत्या.

"आई," तो म्हणाला, "हे सगळं कशाला आणलंत?"

"मग काय विकलेल्या घरात ठेवून येऊ? घर गेलं माझं गेल्या महिन्यात. गिऱ्हाईक चांगलं मिळालं."

"घर विकलंस?" मारित उभीच राहिली. "आणि केनेथ?"

"केनेथकडे कोण जातंय? तिकडे नळाखाली हात धरला की नळ आपोआप वाहतो. दिवे आपोआप लागतात. मी गेल्या वर्षी गेले होते ना, मला कुणी एक कप विसळू दिला नाही. फर्निचरसारखी बसले होते."

"पण तू फोनवर म्हणालीस, त्याच्याकडे न्हाणीघर खाली आहे..."

"आहेच खाली. खाली आहे ते खाली आहे म्हणाले."

"मग आम्हाला वाटलं..." लोवेलने जड यंत्र जरा वर उचलून धरलं. "आम्हाला वाटलं, न्हाणीघर नसेल तर तुम्ही येणार नाही."

"मी असं म्हटलं होतं?"

असं कुणी म्हटलं नव्हतं. आल्माबाईंनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुझे बाबा गेल्यापासून दर रविवारी वाट बघते मी. थंडी किती पडली ते विचारतेस, बर्फ किती साचला ते विचारतेस. आई, राहायला येतेस का, एवढं काही विचारत नाहीस. शेवटी म्हटलं, आता आपणच सामान घेऊन जावं."

मारितने जाऊन आईच्या गळ्यात हात टाकले. लोवेल तसाच उभा. यंत्र खाली ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण या घरात आता एक गोष्ट तरी नीट व्हायला हवी होती, आणि ती कुणी सुरू करणार असं दिसत नव्हतं. त्याने घसा खाकरला.

"आई," तो म्हणाला, "आमच्याकडे राहायला येता का?"

आल्माबाईंनी लेकीच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं. "छे, छे. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? या ना."

"नको रे. म्हाताऱ्या माणसाची अडचणच होते."

यंत्र निसटायला लागलं होतं. लोवेलने ते गुडघ्याने वर ढकललं. "आई, मनापासून सांगतो. राहा."

"बरं," आल्माबाई म्हणाल्या, "तू एवढं म्हणतोस तर." आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं.